सहाव्या मजल्यावरची जटा

लिफ्टला हिसका बसला तो पाचवा मजला मागे टाकून सहावा यायच्या आत. फार नाही, एवढासाच. हातातल्या पिशवीतला वरचा टोमॅटो जागचा उठला आणि परत बसला. शेजारी उभी असलेली सातव्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण फोनमध्ये डोकं घालून होती, तिच्या गावीही नव्हतं. पण त्याला तो बरोबर कळला. तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करून पोट भरणारा माणूस तो, आणि त्याच्या राहत्या इमारतीतल्या लिफ्टने त्यालाच धक्का द्यावा म्हणजे काय! या लिफ्टचं कामही त्याच्याच कंपनीकडे होतं आणि कंपनीने ते त्याच्याच गळ्यात घातलं होतं, राहतोसच तिथे म्हणून. सहावा आला, दार सरकलं, तो बाहेर पडला आणि बंद होणाऱ्या दाराकडे बघत तसाच उभा राहिला. उद्या शनिवार. परवा रविवार. रविवारी ताईकडे तिचं झाड, ती जटा, घेऊन जायचं होतं, आणि जटा मरून सव्वा वर्ष झालं होतं. हिसक्याचा आणि जटेचा काही म्हणता काही संबंध नव्हता, पण दोन्ही गोष्टी त्याला एकदमच आठवल्या.

हिसका म्हटला की त्याला आयुष्यातला पहिला हिसका आठवतो. तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई वीसची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. वडील बोटीवर नोकरीला, म्हणजे असून नसल्यासारखे. ताई इस्पितळाच्या शिवणखोलीत फाटक्या चादरी सांधायची, आणि शाळा सुटली की तो तिथेच कपड्यांच्या गठ्ठ्यांवर लोळत तिची सुट्टी व्हायची वाट बघायचा. एके दिवशी दोघं लिफ्टने खाली येत होती, तर दोन मजल्यांच्या मधे ती बया हिसका देऊन जी थांबली ती थांबली. दिवाही गेला. ताईने आधी दारावर हात आपटून घेतले, मग त्याला खांद्यावर घेतलं, कारण हवा यायला काय ती वर एक जाळी होती. पावणेदोन तास! ती खालून त्याला टाक्यांची नावं सांगत राहिली, धावदोरा, उलटी टीप, काजं, हेमिंग, आणि त्याने ती पाठोपाठ म्हणायची, म्हणजे पोरगं शुद्धीवर आहे हे तिला कळणार. शेवटी टपावरची झडप उघडली आणि तेलाने काळे झालेले दोन हात आत आले. त्याला ते हात इतके आवडले, इतके आवडले, की मोठेपणी आपले हात असेच काळे व्हायला हवेत हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आणि ताईने त्याच मिनिटाला कानाला खडा लावला: "दोरीला टांगलेल्या पेटीत मी परत पाय ठेवायची नाही." तो जन्मभर त्या पेटीच्या मागे लागला आणि ती जन्मभर तिच्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

त्याने घर घेतलं तेही सहाव्या मजल्यावर. ताई बरोबर राहायला आली, कारण ती येणार हे कुणी कुणाला विचारायचीही गरज नव्हती. त्याची बायको शाळेत शिकवायची, घरी यायला तिला संध्याकाळ व्हायची. घर ताईच्या हातात. एकशे दोन पायऱ्या. सतरा वर्षं ताई त्या चढली आणि उतरली, भाजी घेऊन, दळण घेऊन, एकदा तर ताप अंगात असताना. तो काकुळतीला यायचा. "अगं, मी स्वतः तेल घालतो, मी स्वतः दोर तपासतो. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" ती धापा टाकत पायरीवर बसायची, पदराने मान पुसायची आणि म्हणायची, "तुझ्यावर आहे रे. दोरीवर नाही." हे त्याला लागायचं. पण लागता लागता बरंही वाटायचं, कारण त्या वाक्याचा अर्धा भाग त्याचा होता. मग तिचे गुडघे गेले. तिने कुणाला न विचारता शहराच्या टोकाला तळमजल्यावरचा एक वृद्धाश्रम शोधला, स्वतःच पैसे भरले आणि ट्रंक बांधली. शिवणाच्या मशीनचं डोकं आत ठेवलेली ती पत्र्याची ट्रंक म्हणजे धोंडाच. पण तीही तिने लिफ्टमध्ये चढवू दिली नाही. तो आणि वॉचमन दोघांनी ती एकशे दोन पायऱ्या उतरवली, आणि ताई पुढे कठडा धरून एकेक पायरी उतरत, "भिंतीला लावू नका, पोचे येतील," म्हणत राहिली.

जटा तेवढी मागे राहिली. निवडुंगाचीच जात, पण वाळवंटातली नव्हे, रानातली. मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसून खाली लोंबणारी. काटा नावाला नाही. सुतळीएवढ्या हिरव्या कांड्या, एकीतून दोन, दोनांतून चार फुटत कुंडीतून थेट कमरेपर्यंत खाली आलेल्या. बरी होऊन घरी निघालेल्या कुणा पेशंट बाईने ताईला ओल्या फडक्यात गुंडाळून बोटभर तुकडा दिला होता, त्याचा हा पसारा. दाराच्या आतल्या अंगाला, चौकटीवरच्या हुकाला ती टांगलेली असायची, आणि रोज सकाळी कामाचा कोट चढवताना त्याचा खांदा तिला घासायचाच. "चालला बघ खांद्यावर घेऊन तिला!" ताई आतून ओरडायची. कारण कांडी सांध्यावर मोडायला नुसतं निमित्त लागतं. तुकडा लोकरीच्या कोटाला चिकटून बसायचा आणि तो जिन्यात कुठेतरी झटकून टाकायचा. तो ट्रंकेची दोरी आवळत असताना ताईने त्याला सांगितलं होतं, पाणी शिंपडत जा, कडक ऊन दाखवू नकोस, तिच्या केसांना हात लावू नकोस. तो "हो हो" म्हणाला होता. दोरी आवळताना माणूस दुसऱ्याचं काय ऐकणार!

पुढे त्याने जे केलं ते आळसाने केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्याने ते मनापासून केलं. बायको म्हणाली, "ताईंचं झाड आहे, मी हात लावणार नाही, उद्या काही झालं तर माझ्यावर यायला नको." मग त्याने रोपवाटिकेत विचारलं, निवडुंग म्हणून सांगितलं, आणि तिथला माणूस म्हणाला, निवडुंगाला पाणी कसलं घालता, उन्हात ठेवा खुशाल. हा सल्ला त्याला फार पटला. पाणी हा त्याचा जन्मजात वैरी. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पाणी, भिंतीत ओल, तारांत दमट हवा, सगळं आयुष्य त्याच्याशी भांडण्यात गेलेलं. त्याने जटेचं पाणी तोडलं आणि तिला गच्चीवर नेऊन टांगलं. आणि मग एका रविवारी त्याला ते केस दिसले. कांड्यांना जागोजाग बारीक पांढुरके तंतू फुटले होते. लिफ्टच्या पोलादी दोराला असे केस दिसले की मेकॅनिकच्या तोंडचं पाणी पळतं. आतली तार तुटून बाहेर आली, दोर संपला. त्याने बारीक पक्कड घेतली, स्टूल घेतलं, आणि अख्खी सकाळ बसून एक ना एक केस काढून जटा अगदी गुळगुळीत केली. मधे बायकोने आणून दिलेला चहा निवून गेला. तीन आठवड्यांत कांड्या तांबूस झाल्या, मग सुरकुतल्या, मग कुंडीत नुसत्या वाळल्या दोऱ्या राहिल्या.

रविवारी ताईने विचारलं, "जटा कशी आहे?" आणि तो म्हणाला, "छान आहे." पुढच्या रविवारीही छान आहे. बायको चिडायची. "सांगून का टाकत नाही एकदाचं? झाड गेलंय, माणूस नाही." पण त्याची जीभच रेटत नसे. ताईचा दोरीवर विश्वास नव्हता, त्याच्यावर होता, या हातांवर होता. आणि या हातांनी काय केलं हे तिला कळलं की मग तोही संपला. जगात त्याला एवढी एकच गोष्ट गमवायची नव्हती. सव्वा वर्ष त्याने ती थापेवर तोलून धरली. आणि गेल्या रविवारी ताई पोरीसारखी खुशीत येऊन म्हणाली, "अरे, इथल्या बाईंनी मला व्हरांड्यात हुक ठोकून दिलाय. पुढच्या खेपेला जटेला घेऊन ये. केवढी झाली असेल!"

शनिवारी दुपारी त्याने वॉचमनला तळमजल्याच्या दाराशी उभं केलं आणि स्वतः केबिनच्या टपावर चढला. टपावरून लिफ्ट हळू चालवता येते, मुंगीच्या पावलांनी. केबिन वर जाते तेव्हा तिच्या पाठीमागून लोखंडी वजन खाली येतं, हे लिफ्टमध्ये बसणाऱ्यांना कधी दिसत नाही. त्या वजनाचे पाय दोन रुळांना धरून सरकतात, आणि त्यातल्या एका पायाचं अस्तर झिजलं होतं. हिसका त्याचाच. काम साधं होतं. अर्ध्या तासात अस्तर बदललं. मग चढलोच आहोत तर म्हणून त्याने केबिन सहाव्यापाशी नेली आणि रूळ भिंतीला जिथे जखडलेला असतो ती लोखंडी पट्टी बघायला टॉर्च आत घातला. तिथे बघायची वेळ इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. आडबाजूची, वजनाच्या पाठीमागची जागा, वर भिंतीत उजेडासाठी ठेवलेली वीतभर काच. टॉर्चच्या उजेडात काहीतरी हिरवं हललं.

आधी त्याला वाटलं, कुणाचा तरी मफलर पडलाय. मग वाटलं वायर. मग त्याच्या हातातला टॉर्च आपोआप खाली आला, कारण टॉर्चची गरजच नव्हती. काचेतून तिरपा उजेड येत होता आणि त्या उजेडात जटा लोंबत होती. हातभर लांब. एकीतून दोन, दोनांतून चार. वर लोखंडी पट्टीवर वर्षानुवर्षांची धूळ बसली होती, लोकांच्या कपड्यांची लव, सिमेंटची भुकटी, दोरांवरून उडालेलं तेल, आणि त्या घाणीत ती मूळ धरून बसली होती. हे राम! त्याच्या तोंडून एवढंच निघालं. एकेका कांडीच्या अंगावर फुलं होती, सदऱ्याच्या बटणाहून लहान, दुधाळ पांढरी, आणि जिथली फुलं गळून गेली होती तिथे मोत्याएवढी फळं, इतकी नितळ की आतलं काळं बी दिसत होतं. आठ मजल्यांच्या त्या काळ्या नळीत, जिथे तेलाचा आणि गंजाचा वास सोडून दुसरं काही नाही, तिथे ही बाई फुलून बसली होती! कुणी बघायला नाही, कुणी पाणी द्यायला नाही.

त्याने काय करावं, तर खिशातून टेप काढला आणि मोजलं. वजन जिथून सरकतं ती रेषा आणि जटेची सगळ्यात पुढची कांडी यांत चार बोटांचं अंतर होतं. चार बोटं. दिवसातून शंभर वेळा ते अजस्र लोखंड तिच्या नाकासमोरून वर गेलं होतं आणि खाली आलं होतं, आणि तिने एक कांडीही त्याच्या वाटेत टाकली नव्हती. दुसरीकडून, बाहेरच्या पाइपाची ओल भिंतीत झिरपत होती. या ओलीबद्दल त्याने सोसायटीला तीनदा तक्रार दिली होती, चौथी द्यायच्या बेतात होता. त्या ओलीवर केस पसरले होते. पांढुरके, बारीक, शेकडो. काही लोखंडाला मिठी मारून, काही धुळीत शिरलेले, काही नुसते हवेत, ओलीचा अंदाज घेत. तो बघत राहिला आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे तुटके तंतू नव्हेत. ही मुळं. याच केसांनी ती धरते, पिते, जगते, आणि आपण स्टुलावर बसून तिचे तेच एकूण एक छाटले. तो टपावरच खाली बसला. त्याच्याच कोटावरून कधीतरी एक तुकडा इथे उतरला असणार, गच्चीवरची जटा मरायच्या किती तरी आधी. वर तो तिला प्रेमाने मारत होता तेव्हा खाली ही वाढत होती, आणि तो रोज जाता-येता हिच्यापासून हातभर अंतरावरून पिशवी घेऊन जात होता. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि त्या दोन्हींहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं, ज्याला त्याच्याकडे नाव नव्हतं.

"साहेब, झालं का?" खालून वॉचमनचा आवाज घुमत वर आला.

"थांब जरा."

"काय सापडलं काय?"

"झाड आहे."

"काय आहे?"

"झाड, झाड!"

"कोणाचं?"

"आमचं," तो म्हणाला.

मोह झाला नाही असं नाही. पट्टीवरून अलगद सोडवायची, जुन्या कुंडीत लावायची, आणि उद्या ताईपुढे ठेवायची. थोडी छाटली म्हणून सांगायचं की झालं, थाप पचली, सगळं जागच्या जागी. त्याचा हात पक्कडीसकट पुढे गेलाही. मग त्याला ती पक्कड दिसली. तीच ती. त्याने ती खिशात घातली आणि हात मागे घेतला, तर बाहीला घासून एक बोटभर तुकडा मोडून कोटाला चिकटून आला. चालला बघ खांद्यावर घेऊन तिला! या खेपेला त्याने तो झटकला नाही. फ्यूजच्या रिकाम्या डबीत ओला कापूस घालून त्याने तो घरी आणला, आणि बायकोने "हे काय?" विचारल्यावर सगळं सांगितलं. ती डबीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता ताईंना खरं सांगा. आता तरी."

रविवारी ताई व्हरांड्यात, नव्या हुकाच्या बरोबर खाली खुर्ची टाकून बसली होती. त्याचे मोकळे हात तिने पाहिले. त्याने डबी दिली. तिने चष्मा चढवला, तुकडा तळहातावर घेतला, बोट फिरवलं.

"तिचाच आहे," ती म्हणाली. "पण ती गेली ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. दर रविवारी. छान आहे, छान आहे! अरे, झाड कधी दर आठवड्याला छान असतं का? कधी कीड पडते, कधी मुंग्या होतात, कधी उगीचच रुसून बसतं. जो सांभाळतो तो कुरकुर करतो. तू एकदाही कुरकुर केली नाहीस. दुसऱ्या महिन्यातच ओळखलं मी."

"मग विचारलंस कशाला दर वेळी?"

"म्हटलं, बघू किती दिवस ताणतोस. हुकाचं सांगितलं ते त्यासाठीच. आता तरी बोलेल म्हटलं."

मग तो बोलला. गच्ची, ऊन, पक्कड, काही ठेवलं नाही. केसांचं सांगताना त्याची मान वर होईना.

"पक्कडीने?" ताई म्हणाली. "सगळे?"

"एकूण एक."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि त्याला कळायच्या आत ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "अरे गाढवा! काय म्हणावं तुला! दोर समजलास तू तिला?" हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि तुकडा पुन्हा बघितला. "मग हा कुठला?"

त्याने सांगितलं. तिला पटेना. पट्टी, काच, ओल, चार बोटं. एकेक गोष्ट ती उलटसुलट विचारत गेली, उजेड कुठून, धरते कशाने, फळं खरंच आलीत का. हळूहळू तिचे प्रश्न थांबले. ती समोरच्या अंगणाकडे बघत बसली, ओठ थोडे उघडे.

"मला दाखव," ती म्हणाली.

"फोटो काढलाय मी, हा बघ—"

"फोटो नको."

"ताई, सहा मजले आहेत. तुझे गुडघे..."

"किती मजले आहेत ते मला माहीत आहे. सतरा वर्षं चढलेय." तिने काठी हातात घेतली. "तुझी ती पेटी चालू आहे ना?"

टॅक्सीत ती काठी मांडीवर आडवी धरून बसली. लिफ्टच्या दारात मात्र थबकली. त्याने हात पुढे केला, तेलाने काळा पडलेला, कितीही धुतला तरी तसाच राहणारा. तिने तो बघितला, धरला आणि आत पाऊल टाकलं. दार बंद झालं, केबिन उचलली गेली, आणि तिची बोटं त्याच्या मनगटात रुतली. तिचे डोळे गच्च मिटलेले होते. काय करावं त्याला सुचेना, आणि मग आपोआप सुचलं.

"धावदोरा," तो म्हणाला.

दुसरा मजला गेला.

"ताई, म्हण. धावदोरा."

"धावदोरा," ती पुटपुटली.

"उलटी टीप."

"उलटी टीप."

"काजं." "काजं." "हेमिंग." "हेमिंग." पाचवा गेला. त्याने श्वास रोखून धरला. केबिन लोण्यासारखी वर सरकली, हिसका नाही, काही नाही, आणि सहावा आला.

बाहेर पडल्यावर त्याने वॉचमनला फोन करून केबिन खाली घ्यायला आणि वीज बंद करायला सांगितली, दारासमोर आडवं बाक लावलं आणि किल्लीने दार सरकवलं. ताई बाकाला धरून उभी राहिली, आणि त्याने तिला मागून घट्ट धरलं. समोर ती काळी नळी, मधे लोंबणारे पोलादी दोर, आणि पलीकडच्या भिंतीवर, तिच्या छातीच्या उंचीला, जटा. दुपार कलली होती. काचेतून ऊन येऊन नेमकं तिच्यावर पडलं होतं, आणि फळं आतून पेटल्यासारखी दिसत होती. ताईने तोंडावर हात ठेवला. खालून वाऱ्याची एक झुळूक वर आली, सगळ्या कांड्या एकदम हलल्या आणि पुन्हा जागेवर येऊन राहिल्या.

"हिला पाणी कोण घालतं?" बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, देवळात बोलावं तसं.

"कुणीच नाही."

"बरं आहे. तू घालायला जाऊ नकोस हं."

"नाही जात."

त्याने दार लावलं, बाक बाजूला केलं. तिला परत खाली न्यायचं म्हणून तो वॉचमनला वीज सुरू करायला सांगत होता, तेवढ्यात ती काठी टेकत डावीकडे वळली, घराच्या दाराकडे. बायकोने दार उघडलं होतं आणि ती नुसतीच कडेला उभी होती, डोळे भरून. ताईने उंबऱ्याच्या आत जाऊन मान वर केली. चौकटीवरचा हुक तसाच होता, रिकामा. तिने कमरेला खोचलेली फ्यूजची डबी काढली.

"कुंडी टाकली नाहीस ना?"

"आहे गच्चीवर."

"आण ती. आणि उद्या जाऊन माझी ट्रंक घेऊन ये."

"आणतो," तो म्हणाला. "वॉचमनला बरोबर घेतो, पायऱ्यांनी सावकाश, भिंतीला न लावता..."

"पायऱ्यांनी कशाला?" ताई म्हणाली. "जड आहे ती. लिफ्टने आण."